पत्रं जाळणारा होम्स

डिटेक्टिव्ह शेरलॉक होम्स आणि त्याच्या कथा सांगणारा मित्र डॉ. वॉटसन यांच्यात 'तसलं' काही, म्हणजे प्रेमाचं नातं, होतं का, हा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे वकील उभे राहतात. एक बाजू म्हणते, दोन बिनलग्नाच्या पुरुषांनी मिळून बिऱ्हाड करणं ही त्या काळच्या लंडनमधली नेहमीची गोष्ट. भाडं वाटून घ्यायचं, मालकीणबाईंकडचं जेवायचं. पुढे वॉटसनचं लग्न झालं, होम्सने त्याला चकवणाऱ्या आयरीन अ‍ॅडलरचा फोटो मागून घेतला, मग राहिलं काय? दुसरी बाजू आपली टिपणं बाहेर काढते. आणि टिपणं खरोखर भक्कम आहेत.

होम्स मेला असं समजून तीन वर्षं काढलेला वॉटसन, १८९४ साली तो अचानक समोर उभा राहिल्यावर बेशुद्ध पडतो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, असं तो स्वतःच लिहितो. त्यानंतर केन्सिंग्टनमधला दवाखाना विकून तो होम्सबरोबरच्या बेकर स्ट्रीटच्या बिऱ्हाडात परत राहायला येतो. व्हर्नर नावाचा एक तरुण डॉक्टर तो दवाखाना घेतो. वॉटसनने भीत भीत सांगितलेली वरच्यातली वरची किंमत तो जवळपास घासाघीस न करता मोजतो. काही वर्षांनी वॉटसनला कळतं की व्हर्नर हा होम्सचा लांबचा नातेवाईक होता आणि पैसे होम्सने दिले होते. 'नॉरवुड बिल्डर' या कथेच्या सुरुवातीला हे एका वाक्यात येऊन जातं, आणि घाईने वाचणाऱ्याच्या हातून निसटतं. मित्राने घरी परत यावं म्हणून त्याचा दवाखाना गुपचूप विकत घेणारा हा माणूस! पुढे 'थ्री गॅरिडेब्स'मध्ये वॉटसनच्या मांडीला गोळी लागते तेव्हा होम्सचे ओठ थरथरतात, डोळे क्षणभर धूसर होतात. वॉटसन लिहितो, त्या थंड मुखवट्यामागे केवढी निष्ठा आणि प्रेम आहे हे कळायला एक काय, कितीही जखमा झाल्या असत्या तरी चाललं असतं. 'प्रेम' हा शब्द माझा नाही. तो या कथांचा लेखक कॉनन डॉयल याने लिहिलेला आहे.

मी स्वतः पुरुषावर प्रेम करणारा पुरुष आहे. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स मी गावातल्या वाचनालयातून आणून वाचला, पुढे इंग्रजीतून पुन्हा वाचला, आणि आता टीव्हीवर होम्स झालेल्या जेरेमी ब्रेटच्या मालिकेचे भाग मला जवळजवळ पाठ आहेत. त्यामुळे मी कोणत्या बाजूचा हे सांगायला नको. तरीही हा खटला चालवावा असं मला वाटत नाही. डॉयलच्या मनात काय होतं ते सिद्ध करून दाखवलं नाही तर आपल्याला त्या कथा वाचायचा हक्कच नाही, अशी एक अट त्या खटल्यात आधीच मान्य केलेली असते. ती मला मान्य नाही. शिवाय त्या नादात या कथांमधली माझ्या दृष्टीने सर्वात मोलाची गोष्ट बाजूला पडते. या कथांनी आम्हाला असा एक माणूस दिला, जो समोरच्याचं सगळं ओळखतो आणि ते कुणालाही सांगत नाही. असा माणूस आपल्या बाजूने असणं म्हणजे काय, हे ज्याने तरुणपण लपूनछपून काढलं आहे त्याला विचारावं.

त्यासाठी 'चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन' ही १९०४ सालची कथा नीट वाचायला हवी. कथेत रहस्य असं नाहीच. मिल्व्हर्टन हा ब्लॅकमेलर आहे हे पहिल्या पानापासून माहीत असतं. गोल, हसरा चेहरा, सोनेरी काड्यांचा चष्मा, अंगात उंची कोट. नोकरांकडून, बायकांचा विश्वास मिळवलेल्या लोकांकडून तो पत्रं विकत घेतो, कपाटात ठेवतो, आणि योग्य वेळ आली की बाहेर काढतो. होम्सचा पन्नास खुन्यांशी संबंध आलेला आहे, पण एवढी किळस त्याला कुणाचीच वाटलेली नाही. लेडी इव्हा ब्लॅकवेल हिचं लग्न ठरलंय. तिने पूर्वी गावाकडच्या एका तरुणाला लिहिलेली पत्रं मिल्व्हर्टनच्या हाती आहेत. तो मागतो सात हजार पौंड. ती जमवू शकते दोन हजार.

कायदा इथे काही करू शकत नाही, कारण पोलिसांकडे जायचं म्हणजे पत्रांचा बोभाटा करायचा. मग होम्स चोरी करायची ठरवतो. वॉटसन म्हणतो, मला नेलं नाहीस तर मी सरळ पोलिसांत जाईन. होम्स आधी नाही म्हणतो, मग हसून त्याच्या खांद्यावर थाप मारतो. इतकी वर्षं एका खोलीत काढली, आता शेवट एका कोठडीत झाला तर मौजच, असं काहीतरी म्हणतो. हे वाक्य डॉयलने मैत्रीखातर लिहिलं असेल. पण इंग्लंडात दोन पुरुषांनी एका खोलीत राहून कोठडीत जाणं ही १९०४ साली थट्टेतली गोष्ट नव्हती. लंडनच्या वाचकाला ते ठाऊक होतं.

हॅम्पस्टेडच्या त्या घरात दोघं काळे मुखवटे घालून शिरतात. अंधारात होम्स वॉटसनचा हात धरून त्याला खोल्याखोल्यांतून नेतो. मिल्व्हर्टन अनपेक्षितपणे येऊन बसतो. हे दोघं पडद्याआड अडकतात. तिथे होम्सचा हात हळूच वॉटसनच्या हातात येतो आणि 'घाबरू नकोस' अशा अर्थाने दाबतो. मी कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं. अंधारात, कुणी पाहत नसताना धरलेला हात मला कळत होता.

मग मिल्व्हर्टनने जिचं आयुष्य उद्ध्वस्त केलं अशी एक बाई येते आणि त्याला गोळ्या घालते. घर जागं होतं. पळून जायला जेमतेम वेळ आहे. लेडी इव्हाची पत्रं शोधून निघून जावं, काम तेवढंच आहे. पण होम्स दाराला कडी घालतो, आधीच उघडलेल्या तिजोरीकडे जातो, दोन्ही हातांत मावतील तेवढे पत्रांचे गठ्ठे काढतो आणि शेकोटीत टाकतो. पुन्हा काढतो, पुन्हा टाकतो. बाहेरून दारावर धक्के बसत असतात. तिजोरी रिकामी होईपर्यंत तो थांबत नाही. टेबलावर रक्ताचे डाग पडलेलं एक पत्र उरलेलं असतं, तेही जाळावर जातं. त्यातलं एकही पत्र तो वाचत नाही. जगातला सर्वात चौकस माणूस समोर पडलेली शेकडो गुपितं उघडूनही बघत नाही, आणि ती कुणाची याची चौकशीसुद्धा करत नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेड तपासात मदत मागायला येतो तेव्हा तो नकार देतो. काही गुन्ह्यांपर्यंत कायदा पोचत नाही, असं त्याचं म्हणणं असतं.

ती पत्रं कुणाची होती? डॉयल सांगत नाही, पण तो काळ सांगतो. १८८५ साली ब्रिटिश पार्लमेंटने फौजदारी कायद्यात सुधारणा केली. हेन्री लॅबुशेअर या खासदाराने ऐनवेळी घुसवलेल्या अकराव्या कलमाने दोन पुरुषांमधलं कोणतंही 'अश्लील वर्तन' गुन्हा ठरवलं. मग ते चार भिंतींच्या आत का असेना. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, सक्तमजुरीसकट. साक्षीदार नसला तरी पत्र पुरे. लोक या कलमाला ब्लॅकमेलरांची सनद म्हणू लागले. ऑस्कर वाइल्डला हे प्रत्यक्ष भोगावं लागलं. त्याने आपल्या मित्राला लिहिलेली पत्रं त्या मित्राने दुसऱ्या तरुणाला दिलेल्या कपड्यांच्या खिशात राहिली, तिथून ती पैसे उकळणाऱ्यांच्या हातात गेली, आणि १८९५ मध्ये त्यातलं एक भर कोर्टात वाचलं गेलं. २५ मे १८९५ रोजी वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

डॉयल वाइल्डला ओळखत होता. ३० ऑगस्ट १८८९ रोजी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात एका अमेरिकन संपादकाने दोघांना जेवायला बोलावलं होतं. त्या एका जेवणातून होम्सची दुसरी कादंबरी निघाली आणि वाइल्डची एकुलती एक कादंबरीही. डॉयलने आत्मचरित्रात त्या संध्याकाळीला सोनेरी म्हटलं आहे. त्याच आत्मचरित्रात तो असंही लिहितो की वाइल्डला जे झालं तो आजार होता आणि त्याची जागा पोलीस कोर्टात नसून इस्पितळात होती. हे वाक्य मला टोचतं. मी आजारी नाही. पण हे लिहिलं गेलं तेव्हा बाकीचे लोक काय म्हणत होते हे आठवलं की, त्या माणसाने निदान तुरुंगाचं दार तरी बंद करायला सांगितलं, हे मी मान्य करतो.

आणि १९१६ मध्ये त्याने याहून पुढची गोष्ट केली. रॉजर केसमेंट हा आयरिश माणूस कॉंगोतल्या अत्याचारांविरुद्धच्या लढ्यात डॉयलचा सहकारी होता. आयर्लंडच्या उठावासाठी जर्मनीची मदत घेतल्याबद्दल त्याला राजद्रोहाखाली फाशीची शिक्षा झाली. डॉयलने शिक्षा कमी व्हावी म्हणून मोठमोठ्या लोकांच्या सह्या गोळा केल्या. तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी केसमेंटच्या खासगी डायरीतली पानं पत्रकारांना, पुढाऱ्यांना, वकिलातीतल्या लोकांना दाखवायला सुरुवात केली. पुरुषांशी आलेल्या संबंधांच्या नोंदी त्यांत होत्या. सहानुभूती आटत गेली, लोक मागे हटले. डॉयलने अर्ज मागे घेतला नाही. ३ ऑगस्ट १९१६ रोजी पेंटनव्हिल तुरुंगात केसमेंटला फाशी दिलं. मिल्व्हर्टन हॅम्पस्टेडच्या बंगल्यात एकट्याने जे करत होता ते इथे सरकारने केलं, आणि मिल्व्हर्टनचा लेखक त्या सरकारसमोर आपला कागद धरून उभा राहिला. मला या प्रसंगापुढे 'होम्स गे होता का' हा प्रश्न फार लहान वाटतो.

आता पडद्याकडे वळतो, कारण मिल्व्हर्टनच्या कथेतली कोरी जागा भरायचं काम पडद्याने केलं. मूळ कथेत मिल्व्हर्टन ओझरता एक दाखला देतो: कर्नल डॉर्किंग आणि मिस माइल्स यांचं लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना मोडल्याची बातमी पेपरात आली होती, आठवतं ना? तेवढंच. का मोडलं, पत्रं कुणी कुणाला लिहिली होती, काही नाही. ग्रॅनाडा टेलिव्हिजनने १९९२ मध्ये याच कथेवर 'द मास्टर ब्लॅकमेलर' हा मोठा भाग केला. होम्स जेरेमी ब्रेट, वॉटसन एडवर्ड हार्डविक, मिल्व्हर्टन रॉबर्ट हार्डी. त्यात कर्नल डॉर्किंगचं प्रेम एका पुरुषावर आहे, आणि पत्रं त्याची आहेत. ती उघड झाल्यावर कर्नल स्वतःवर गोळी झाडून घेतो.

समलिंगी पात्र शेवटी मरतं, ही जुनी रड इथेही आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. तरी मला हे रूपांतर फार महत्त्वाचं वाटतं. होम्स-वॉटसनच्या नात्याला हात न लावता, मूळ कथेच्या एका ओळीत न सांगितलेलं त्याने सांगितलं, आणि ते त्या काळाच्या कायद्याला धरून सांगितलं. ते पाहिल्यापासून मी मूळ कथा पूर्वीसारखी वाचूच शकत नाही. शेकोटीत पडणाऱ्या गठ्ठ्यांत मला आता कर्नलसारख्यांची पत्रं दिसतात. चांगलं रूपांतर मूळ पुस्तक बदलून टाकतं, ते असं.

आणि एक गोष्ट मला सतावते. ती प्रेमपत्रं होती. होम्सने माणसं वाचवली, पण त्यासाठी त्यांचं प्रेमही जाळावं लागलं. आमच्या आधीच्या पिढ्यांतल्या किती जणांनी स्वतःच्या हाताने पत्रं, डायऱ्या, फोटो असेच जाळले असतील! घरच्यांनी मागाहून जाळले असतील ते वेगळेच. जाळणं हा त्या काळात दयेचा सर्वात मोठा प्रकार होता, यातच त्या काळाची सगळी क्रूरता आली.

हे सगळं परक्या देशातलं, जुनं, म्हणून बाजूला ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम त्याच राज्यकर्त्यांनी लिहिलं. त्यांच्या स्वतःच्या देशात, म्हणजे इंग्लंड आणि वेल्समध्ये, १९६७ साली कायदा सैल झाला. आपलं कलम २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने आमच्यापुरतं बाजूला केलं, डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत जागेवर आणलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी शेवटी आमच्यावरून काढून घेतलं. मधल्या त्या वर्षांत माझ्या ओळखीतला एक मुलगा अ‍ॅपवर भेटलेल्या माणसाकडे गेला. दार बंद झालं आणि आतल्या खोलीतून आणखी दोघं बाहेर आले. मोबाइल काढून घेतला, चॅटचे फोटो काढले, आईचा नंबर शोधून काढला. 'घरी सांगू, ऑफिसात सांगू, पोलिसांत देऊ.' तो एटीएममधून पैसे काढून देत राहिला. तक्रार कुठे करणार? कायद्याच्या लेखी गुन्हेगार तोच होता. त्याने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव मिल्व्हर्टनचं आलं. एका जुन्या इंग्रजी कथेतला माणूस पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये बसून धंदा करत होता.

म्हणून विनोदासाठी वापरलेल्या 'तसल्या' इशाऱ्यांचा मला लवकर वीट येतो. बीबीसीच्या २०१० पासूनच्या 'शेरलॉक'मध्ये पहिल्याच भागात घरमालकीण मिसेस हडसन विचारतात, दोन बेडरूम लागणार आहेत का? हॉटेलवाला टेबलावर मेणबत्ती आणून ठेवतो. वॉटसन दर वेळी 'मी गे नाही' म्हणून सांगतो. मालिका करणाऱ्या दोघांपैकी मार्क गेटिस स्वतः उघडपणे समलिंगी आहे, त्यामुळे हेतूबद्दल मी शंका घेत नाही. पण हसू कशावर येतं? दोन पुरुषांना कुणी जोडपं समजलं, यावरच. जगभरच्या हजारो तरुण मुलामुलींनी त्या दोघांचं प्रेम शेवटी खरं ठरणार यावर श्रद्धा ठेवली. २०१७ च्या जानेवारीत शेवटचा भाग झाला आणि तसं काही घडलं नाही, तेव्हा त्यातल्या काहींना खरा शेवट अजून लपवून ठेवलाय असं वाटत राहिलं. लोक त्यांना हसले. मी हसलो नाही. इतकी वर्षं खुणांवर जगायला शिकवलेल्या माणसांनी खुणा वाचल्या, यात त्यांचा काय दोष?

त्यापेक्षा बिली वाइल्डरचा १९७० चा 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स' हा चित्रपट मला कितीतरी जवळचा आहे. तिथेही सुरुवातीला थट्टाच आहे. एका रशियन नर्तिकेला होम्सपासून मूल हवं असतं, आणि त्यातून सुटायला होम्स सुचवतो की वॉटसन आणि मी... वॉटसन भडकतो. घरी आल्यावर लोक काय म्हणतील याची काळजी करतो. आणि मग जरा थांबून विचारतो, हा आगाऊपणा वाटणार नसेल तर, तुझ्या आयुष्यात स्त्रिया आल्यात ना? होम्सचं उत्तर असं: हो, आगाऊपणाच आहे. आणि तो आपल्या खोलीत निघून जातो. थट्टा तिथल्या तिथे विरून जाते आणि एकदम एक एकटा माणूस दिसतो, ज्याला उत्तर द्यायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. लग्नाच्या वयाच्या मराठी मुलाला घरातल्या कार्यात मावश्या-आत्यांच्या घोळक्यात जो प्रश्न येतो, त्याला इतकं स्वच्छ उत्तर मला कधी सुचलं नव्हतं.

हॉलिवूडमध्ये याच्या आधीच्या काळात सेन्सॉरचे नियम इतके कडक होते की १९४१ च्या 'माल्टीज फाल्कन' या चित्रपटात जोएल कैरो हे पात्र कसं आहे ते सांगायला त्याच्या कार्डाला गार्डेनियाच्या फुलांचा वास द्यावा लागला. तो वास आला की पडद्यावरचे बाकीचे पुरुष समजायचं ते समजतात. तिथे ओळखणं म्हणजे हिणवणं होतं. होम्सच्या ओळखण्यात ते नाही.

अगाथा ख्रिस्तीकडे यायचं तर मी 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' घेईन. १९५० ची कादंबरी. चिपिंग क्लेगहॉर्न नावाच्या खेड्यात मिस हिंचक्लिफ आणि मिस मरगॅट्रॉइड एका घरात राहतात. हिंच उंच, केस बारीक कापलेले, डुकरं-कोंबड्या सांभाळणारी, हुकमी आवाजाची. मरगॅट्रॉइड गोलमटोल, धांदरट, प्रेमळ. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणीही काही म्हणत नाही. दोघींना चहाचं आमंत्रण जोडीने जातं. कायद्याने स्त्रियांचा हा गुन्हा कधी केलाच नाही. १९२१ मध्ये तसा प्रयत्न झाला होता, पण ब्रिटिश पार्लमेंटच्या लॉर्ड्स सभागृहाने तो हाणून पाडला. कायदा केला तर ज्या बायकांच्या डोक्यातही हे आलेलं नाही त्यांना ते कळेल, असा तिथला सूर होता. म्हणजे न बोलणं हेच सरकारी धोरण.

त्या गप्प राहण्याची चांगली बाजू ख्रिस्ती आपल्याला दोनशे पानं दाखवते. मग पावसाची सर आली म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला गेलेल्या मरगॅट्रॉइडचा तिच्याच मफलरने गळा आवळून खून होतो. हिंचला ती सापडते. आणि पुढच्या प्रसंगी गाव एकत्र जमतं तेव्हा ख्रिस्ती लिहिते की हिंचचं कुणी सांत्वन केलं नाही, मरगॅट्रॉइडच्या मरणाचा विषयही काढला नाही, कारण तिचा उद्ध्वस्त चेहराच सगळं सांगत होता आणि अशा वेळी काही बोलणं आगाऊपणा ठरला असता. मला हा परिच्छेद वाचताना राग आणि माया एकदमच दाटून येतात. गावाला सगळं कळलंय. सगळ्यांनी त्या दुःखाचा मान राखलाय. आणि तरी कुणी जवळ जाऊन बसलं नाही. आपल्याकडे एखाद्याचा 'रूममेट' जातो. शेजारी येतात, नातेवाईक येतात, रडणं पोचवलं जातं ते त्याच्या आईवडिलांकडे, भावाकडे. ज्याच्याबरोबर तो बारा महिने राहिला तो माणूस चहाचे कप भरत असतो. त्याला कुणी काही विचारत नाही, आणि यात कुणाचा दुष्टपणा नसतो. हिंच मला तिथे दिसते.

१९८५ च्या बीबीसी रूपांतरात पाओला डियोनिसोटी आणि जोन सिम्स यांनी या दोघी केल्या आहेत, कादंबरीसारख्याच, न सांगता. २००५ च्या आयटीव्ही रूपांतरात नातं उघड केलं आहे. वर्षानुवर्षं मला दुसरं जास्त धाडसी वाटायचं. आता वाटतं, उघड करण्यालाही दिशा लागते. त्याच आयटीव्ही मालिकेने २००४ मध्ये 'द बॉडी इन द लायब्ररी' केली, तेव्हा मूळ कादंबरीतलं पुरुष-स्त्रीचं खुनी जोडपं बदलून दोन प्रेमिका खुनी केल्या. पात्रं उघडपणे समलिंगी झाली, आणि झाली ती फासावर जाण्यापुरती. ग्रॅनाडाने कर्नलची कोरी जागा भरली आणि यांनीही एक जागा भरली. पण पहिल्यांना त्या माणसाचं काय झालं असेल हे विचारायचं होतं, आणि दुसऱ्यांना शेवटी प्रेक्षकाला धक्का द्यायचा होता. क्वीअर वाचनात, म्हणजे समलिंगी नजरेतून जुन्या कथा वाचताना, याच फरकाची मला काळजी वाटते.

अजून कुणी नीट न भरलेली एक जागा मला माहीत आहे. 'द ब्लँच्ड सोल्जर', १९२६ ची कथा. वॉटसन घरात नाही, म्हणून होम्स स्वतः लिहितो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की माझ्या भल्या वॉटसनने बायकोसाठी मला सोडलं होतं, आमच्या सहवासात त्याने केलेली तेवढी एकच स्वार्थी गोष्ट. खटल्याचे वकील हे वाक्य काढून घेतात आणि निघून जातात. कथा पुढे वाचायला हवी. कारण त्याच पानावर होम्सकडे येतो जेम्स डॉड, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातून परतलेला सैनिक. त्याला आपला मित्र शोधायचाय. गॉडफ्री एम्सवर्थ, एकाच तुकडीतला. एकत्र जगून, एकत्र सुखदुःख सोसूनच जी होते तशी मैत्री, असं डॉड सांगतो. गॉडफ्री जखमी झाला, केप टाउनहून एक पत्र आलं, साउदॅम्प्टनहून एक आलं, आणि मग सहा महिने काही नाही. वडिलांना लिहिलं तर तुटक उत्तर: मुलगा जगाच्या सफरीवर गेलाय.

आमच्यातल्या कित्येकांना ही सफर ठाऊक आहे. फोन बंद होतो. घरचे सांगतात, तो बाहेरगावी आहे, नोकरी लागली, लग्न ठरलं. आपण कोण, तर मित्र. मित्राला विचारायचा हक्क किती?

डॉड बेडफर्डजवळच्या टक्सबरी ओल्ड पार्क या त्या घरी जाऊन थडकतो. कर्नल एम्सवर्थ आधी त्याची मैत्रीच खरी मानत नाही. डॉडला पत्रं दाखवून सिद्ध करावं लागतं. म्हाताऱ्या नोकराला तो विचारतो, गॉडफ्री मेला का? नोकर म्हणतो, मेला असता तर बरं झालं असतं. आणि त्याच रात्री खिडकीच्या काचेला टेकलेला गॉडफ्रीचा पांढराफटक चेहरा डॉडला दिसतो, आणि पळून जातो. कर्नल डॉडला घरातून काढतो. डॉड हटत नाही. तो होम्सला घेऊन परत येतो. बापाला होम्स एका चिठ्ठीवर एकच शब्द लिहून दाखवतो, मोठ्याने उच्चारत नाही. कुष्ठरोग. घरच्यांनी मुलाला बागेतल्या वेगळ्या घरात कोंडून ठेवलंय, लाजेपोटी आणि त्याला दूर नेतील या भीतीपोटीही. डॉड पुढे होतो तेव्हा गॉडफ्री म्हणतो, मला हात लावू नकोस, जिमी. शेवटी होम्सने आणलेले मोठे डॉक्टर तपासतात आणि सांगतात, कुष्ठरोग नाहीच, संसर्ग न होणारा कातडीचा विकार आहे. आई आनंदाने भोवळ येऊन पडते. कथा संपते.

होम्सने इथेही तेच केलं: ओळखलं, कागदावर लिहिलं, ज्याचं गुपित त्याच्या बापालाच दाखवलं, बाहेर कुठे नेलं नाही. पण शेवटच्या परिच्छेदात डॉड कुठेच नाही. ज्याने सहा महिने पाठपुरावा केला, अपमान सोसले, ज्याच्यामुळे दार उघडलं, तो माणूस डॉयलच्या लेखणीतून निसटला. मला ही कथा कुणीतरी डॉडच्या बाजूने पडद्यावर आणलेली बघायची आहे. १९०३ सालचं इंग्लंडच असू दे, बेडफर्डच्या बाहेरचं ते जुनं घरच असू दे, होम्सही एकटाच असू दे. डॉक्टर आपली बॅग घेऊन गेल्यावर कॅमेरा मात्र त्या वेगळ्या घरातून हलू नये. कर्नलने डॉडला नावाने हाक मारून बसायला खुर्ची द्यावी. आणि हात लावू नकोस म्हणणाऱ्या गॉडफ्रीने आता स्वतः हात पुढे करावा, बापाच्या देखत.